वितळत्या बर्फावरचं मेण

कुवेतमध्ये राहणाऱ्या माणसाला बर्फाची काळजी करायचं काही कारण नसतं. आमच्या वरच्यांना होती. तीही साध्यासुध्या बर्फाची नव्हे. मार्च सरत आला की डोंगरावर, सकाळी अकराच्या उन्हात, जो पेजेसारखा अर्धवट वितळलेला बर्फ असतो, त्याची. त्याच्यावरून स्की नीट घसरायची तर तिच्या तळाला कुठलं मेण लावावं, हा त्यांच्या आयुष्यातला मुख्य प्रश्न होता. नोकरी, बढती, नाशिकला घ्यायची जागा आणि स्वतःचा गुडघा, हे सगळं त्याच्यानंतर.

आम्ही त्यांना 'वरचे' म्हणायचो, कारण ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. लेबनॉनमधलं युद्ध सुरू व्हायच्या आधीच्या काळातली ही गोष्ट. फरवानियातली आमची बिल्डिंग साधीच होती. खाली बकाला, म्हणजे किराण्याचं दुकान, समोर बसचा थांबा, आणि जिन्यात सहा प्रांतांच्या फोडण्यांचा वास. माझे यजमान बँकेत, मी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आणि वरचे पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात इंजिनियर. अंगाने किडकिडीत, डोक्यावर केस नाहीत, आणि चेहऱ्यावर नेहमी काहीतरी नुकतंच सिद्ध केल्याचा भाव. काय सिद्ध केलं हे आपण विचारलं नाही तरी ते सांगायचे.

स्कीचं खूळ त्यांना कंपनीनेच लावलं. एका हिवाळ्यात कारखान्यासाठी घ्यायचे पंप पाहायला त्यांना ऑस्ट्रियाला पाठवलं होतं. तिथल्या लोकांनी रविवारी पाहुणचार म्हणून डोंगरावर नेलं. पहिल्या दिवशी ते उभे कमी आणि आडवे जास्त होते, हे ते स्वतःच सांगत. पण परत येताना पंपांच्या कागदांबरोबर एक स्कीची जोडी आणि मेणाची एक पत्र्याची पेटी घेऊन आले.

कुवेतच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने ती लांबलचक पिशवी उघडायला लावली.

"शिनो हाज़ा?" हे काय आहे?

"स्की."

"काय करतात याचं?"

"यावर उभं राहून बर्फावरून घसरतात."

त्या माणसाने काचेच्या दारातून बाहेर पाहिलं. बाहेर वाळू उडत होती. "इथे?"

"इथे नाही. इथे फक्त मेण लावणार," वरचे म्हणाले. त्यांच्या मते याने सगळा खुलासा होत होता.

मग मेणाची पेटी उघडली गेली. तीन रंगांच्या वड्या. निळी कडाक्याच्या थंडीतल्या बर्फासाठी, लाल मधल्यासाठी आणि पिवळी ओल्या बर्फासाठी. कस्टमवाल्याने साबण म्हणून वास घेतला, चीज म्हणून परत घेतला, आणि खात्री करून घ्यायला एका वडीचा कोपरा मोडला. ही गोष्ट वरच्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी याच ठिकाणी त्यांचा आवाज बसायचा.

"पिवळं मोडलं हो, बाई. निळं मोडायचं, लाल मोडायचं. नेमकं पिवळंच मोडलं."

कारण बैरूतच्या वरच्या डोंगरांवर, जिथे त्यांच्या कारखान्यातले गोरे लोक दर वसंतात चार दिवस जायचे आणि यांनाही नेऊ लागले होते, तिथे त्या दिवसांत पिवळंच लागतं. ते संपल्यावर वरच्यांनी ठरवलं की पिवळ्यापेक्षा चांगलं मेण आपण स्वतः बनवायचं.

जगातल्या सगळ्या वस्तू ते वितळण्याच्या अंशावर मोजायचे. साजूक तूप, मेणबत्ती, चेहऱ्याला लावायचं क्रीम. माणसंसुद्धा. एकदा आमच्याकडे चहा पिताना माझ्या यजमानांना म्हणाले, "तुम्ही बत्तीसला मऊ होता. थोडं आर्जव केलं की झालं."

"आणि ही?" यजमानांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

वरच्यांनी मला नीट न्याहाळलं. "बाईंचा अंश अजून पुस्तकात यायचाय."

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, या असल्या बोलण्याकडे लक्ष देत नसत. त्या नाशिकच्या, बोलायला सावकाश, आणि सावकाश बोलून झाल्यावर समोरच्याला बोलायला काही शिल्लक न ठेवणाऱ्या. स्कीला त्या 'फळ्या' म्हणत. त्या फळ्या त्यांच्या झोपायच्या खोलीत कपाटामागे उभ्या असत, आणि वहिनी झाडू मारताना त्यांना मुद्दाम धक्का देत.

मेण बनवलं तर ते तपासायला बर्फ हवा. तो कुठून आणायचा? तेव्हाच्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्याला बर्फाचा जाड थर धरायचा. आठवड्याने तो खरवडून काढला नाही तर दार लागायचं नाही. शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी बिल्डिंगभर बायका हेच काम करायच्या आणि तो भुसभुशीत बर्फ मोरीत ओतायच्या. वरच्यांनी हे पाहिलं, आणि पुढच्या शुक्रवारपासून झाकणाचा मोठा थर्मास घेऊन दारोदार फिरायला लागले.

बेल वाजली की माझी मुलगी दारातूनच ओरडायची, "आई, अंकल वॉन्ट्स अवर आईस!"

"या आठवड्यात फ्रीजरमध्ये काय ठेवलं होतं, बाई?"

"सुरमई."

"मग नको."

"का?"

"तुमच्या बर्फाला तेलकटपणा येतो. मागच्या खेपेला सगळा निकाल बिघडला. चांगलं मेण मागे पडलं आणि बूटपॉलिश पहिलं आलं."

"सुरमई दोन पिशव्यांत बांधलेली होती."

"वास पिशवीत राहत नाही, बाई," असं म्हणून ते समोरच्या दाराकडे वळायचे. मी रागावले नाही. बर्फ नाहीतरी मोरीतच जायचा होता. तळमजल्यावर एक कडक शाकाहारी तमिळ कुटुंब होतं. त्यांच्या फ्रीजरमधला बर्फ मात्र ते दोन्ही हातांनी घ्यायचे, तीर्थ घ्यावं तसा.

वहिनी एकदा जिन्यात मला म्हणाल्या, "लग्नात यांच्याकडच्यांनी काही मागितलं नाही म्हणून आमचे अण्णा किती खूश होते. आता बघा. बिल्डिंगभर मागत फिरतात, आणि काय, तर बर्फ."

गच्चीवर वहिनींचं इस्त्रीचं टेबल एक पाय दुमडून तिरपं केलेलं असे. त्यावर लांब पत्र्याचा ट्रे, ट्रेमध्ये बिल्डिंगचा बर्फ. शाळेतल्या फूटपट्टीएवढ्या लाकडी पट्ट्या, प्रत्येकीच्या तळाला वेगळं मेण आणि पाठीवर वजनाला मिठाची पुडी. वरचे एक एक पट्टी सोडायचे आणि कारखान्यातलं स्टॉपवॉच दाबायचे. हिवाळ्यातही गच्चीवर ऊन असायचं, त्यामुळे निकाल लिहून होईपर्यंत बर्फाचं पाणी व्हायला लागायचं. आम्हाला ती अडचण वाटायची. त्यांना तीच सोय वाटायची.

"लोक संशोधनाला स्वित्झर्लंडला जातात," ते म्हणायचे. "तिथला बर्फ थंड. थंड बर्फाला कोणीही फसवेल. गरम बर्फाचा अभ्यास करायचा तर कुवेतसारखी जागा नाही."

मेण पट्टीला लावायचं तर आधी वितळवायला हवं, आणि त्यासाठी इस्त्री लागते. वहिनींच्या इस्त्रीने वरच्यांच्या स्वतःच्याच दोन शर्टांची वाट लावल्यावर वहिनींनी इस्त्री कुलपात ठेवली. मग ते आमच्याकडे आले. मी दिली. दुसऱ्या दिवशी माझ्या पांढऱ्या गणवेशावर, बरोबर पाठीवर, तळहाताएवढा पिवळा डाग उमटला. मी तो गणवेश घेऊन वर गेले. त्यांनी तो हातात घेऊन उजेडाकडे धरला.

"किती एकसारखा पसरलाय बघा," ते म्हणाले. "मला पट्टीवर असा कधी जमला नाही."

मी त्यांना त्याच दिवशी बाजारात पाठवून दोन नव्या इस्त्र्या घ्यायला लावल्या. एक त्यांच्यासाठी, एक माझ्यासाठी.

आता गुडघ्याबद्दल. एका वसंतात ते बैरूतहून कुबड्या घेऊन परत आले. स्की जोरात खाली येत असताना सावलीतून उन्हात आली, उन्हातल्या ओल्या बर्फात गच्चकन थांबली, आणि वरचे मात्र थांबले नाहीत. गुडघ्याचा सांधा पिळवटला. प्लॅस्टर निघाल्यावर व्यायामासाठी ते माझ्याच विभागात आले.

"कसे पडलात?" मी कार्ड भरता भरता विचारलं.

"पडलो नाही. मला बर्फाने धरलं."

"कार्डावर 'पडले' लिहिते."

"लिहा. पण ते शास्त्रीय नाही." मग त्यांनी मला पाण्याचा ग्लास ओल्या टेबलावर ठेवून उचलायला लावला. ग्लास क्षणभर टेबलाला चिकटला. "पाहिलंत? मध्ये पाण्याचा थर आहे. ओल्या बर्फाचं हेच. स्की गुळगुळीत असली तर पाणी तिला ओढून धरतं. पाण्याला जायला वाट हवी."

त्यांनी पुढे खरंच तशा वाटा केल्या. स्कीच्या तळावर टोकापासून टोकापर्यंत, तारेच्या ब्रशने, केसाएवढ्या बारीक खोबण्या पाडल्या. वहिनी म्हणाल्या, नव्या वस्तूला ओरखडे काढून खूश होणारा मी हा एकच माणूस पाहिला.

आमच्या विभागात मेणाचं एक पात्र होतं. संधिवाताने धरलेले हात त्या कोमट पातळ मेणात बुडवायचे, बाहेर काढायचे, पुन्हा बुडवायचे. हाताला पांढरा मोजा चढल्यासारखं दिसतं आणि बोटं सैल होतात. सकाळी तिथे कुवेती आज्यांची रांग असायची. मेंदीने काळपट झालेली बोटं, अंगाला ऊदाचा वास, आणि माझ्या लग्नाबद्दल, मुलीबद्दल, मुलगा अजून का नाही याबद्दल चौकशा. वरच्यांनी ते पात्र पाहिलं आणि गुडघा विसरले.

"हे कोणतं मेण?"

"पॅराफिन. त्यात थोडं पातळ तेल घालतात, म्हणजे हाताला चटका बसत नाही."

"म्हणजे मऊ." ते एका पायावर उभे राहून पात्रात वाकले. "बाई, हे कधी बदलता?"

"महिन्याने टाकून देतो."

"टाकून?" एखाद्याने सोनं नाल्यात ओतल्याचं ऐकावं तसा त्यांचा चेहरा झाला.

तेव्हापासून टाकायचं मेण मी त्यांना देऊ लागले. गाळून घ्या एवढंच सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा डब्याचं झाकण उघडून नाक आत घातलं. "ऊद," ते म्हणाले. "हरकत नाही. बर्फाला वासाचं काही नसतं." मला त्या वेळी माझी सुरमई आठवली.

व्यायाम मात्र त्यांनी इमानेइतबारे केले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण माझे निम्मे रोगी करत नसत. मिठाच्या पुड्या घोट्याला बांधून, पलंगाच्या कडेला बसून, सकाळ-संध्याकाळ पाय उचलायचे. वर्ष संपत आलं तेव्हा गुडघा भक्कम झाला होता. अडचण गुडघ्याची नव्हती. कारखान्यात त्यांना लोखंडी शिड्या चढाव्या लागत. कंपनीच्या डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं, हा गुडघा पुन्हा दुखावला तर शिड्या बंद, आणि शिड्यांशिवाय तुमच्यासाठी आमच्याकडे काम नाही.

वहिनी एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. त्या एरवी अशा येत नसत.

"ताई, नोकरी गेली की इकामा गेला," त्या म्हणाल्या. इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. "इकामा गेला की चंबूगबाळं आवरून निघायचं. नाशिकला अजून जागा नाही, दिरांच्या घरात दोन खोल्यांत आम्ही कुठे मावणार? आणि हे मला विचारतात काय, तर मेणात खोबरेल तेल एक चमचा घालू की दोन."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"एक. दोन घातले की माझ्या डोक्याला उरत नाही."

त्या रात्रीच्या जेवणानंतर वर बोलावणं आलं. मी गेले तेव्हा फळ्या बैठकीच्या मधोमध आडव्या होत्या, आणि दोघं दोन बाजूंना बसले होते.

"ताईंसमोर सांगते," वहिनी म्हणाल्या. "एकदा. वरून खालपर्यंत एकदा. पडलात तर या फळ्या तिथेच कुणाला तरी देऊन यायचं. परत या घरात येणार नाहीत."

"आणि नाही पडलो तर?"

"तर मी बोलणार नाही."

"कधीच?"

"फळ्यांबद्दल."

वरच्यांनी विचार केला. "पडणं म्हणजे काय ते आधी ठरवू. हात टेकला तर? एक गुडघा टेकला तर?"

"पाठ किंवा बूड बर्फाला लागलं की पडलात," वहिनी म्हणाल्या. "आणि ते कसं लागलं, का लागलं, कुणी धरलं, यावर व्याख्यान नको."

"मान्य. पंच कोण?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझी बैरूत पाहायची फार दिवसांची इच्छा होती. यजमान म्हणाले, "जा तू. मुलीकडे मी बघतो. हाड मोडलं तर मी तिथे काय कामाचा?"

निघायच्या आदल्या महिन्यात गच्चीवर चाचण्यांचा कहर झाला. त्यातली एक मला चांगली आठवते. दुपारी एकाएकी आभाळ पिवळं झालं आणि धुळीचं वादळ आलं. कुवेती त्याला तोझ म्हणतात. कुवेतमध्ये धूळ आली की माणूस विचार करत नाही. दारं लावतो, खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबतो, पाण्याच्या भांड्यांवर ताटल्या झाकतो. हात आपोआप चालतात. वरच्यांनीही तेच केलं. ट्रे उचलून खाली आणला, वरचा मळका बर्फ ओतून टाकला, आणि तेव्हापासून ट्रेला वहिनींच्या जुन्या साडीचं आच्छादन घालायला सुरुवात केली. त्यांच्या सगळ्या चाचण्या घरातल्या दुधाइतक्या स्वच्छ बर्फावर झाल्या, आणि आम्हा कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. शेवटी जिंकलं ते आमच्या इस्पितळाचं पॅराफिन, थोडं मधमाश्यांचं मेण आणि एक चमचा खोबरेल. रंग श्रीखंडासारखा, हाताला मऊ. कुवेतच्या बर्फावर त्याला तोड नव्हती.

बैरूतला खाली समुद्रकाठी संत्री झाडांना लगडलेली होती, आणि गाडी तासाभरात वर चढली तर दोन्ही बाजूंना बर्फ. मी बर्फ पहिल्यांदाच पाहत होते. पांढराशुभ्र असेल असं वाटलं होतं. तो तपकिरी होता. कुणीतरी डोंगरभर चहाची भुकटी भुरभुरावी तसा.

वरच्यांच्या कारखान्यातला एक धिप्पाड इंग्रज आमच्या आधी तिथे पोचला होता. बाकावर बसून तो स्कीला निळं मेण घासत होता. "काल वारा आला," तो इंग्रजीत म्हणाला. "तुमच्या वाळवंटातली धूळ आहे ही सगळी. अशा बर्फाला कडक मेण लावायचं. मऊ लावलंस तर कचरा धरेल. हे घे."

वरच्यांनी त्या निळ्या वडीकडे पाहिलं. "थँक यू. दॅट इज फॉर कोल्ड स्नो," ते म्हणाले. एखाद्या वैद्याने शेजारणीचा काढा नाकारावा, तसं. मग आपली डबी उघडून श्रीखंडाचा थर चढवायला बसले. थर चांगला जाड दिला.

खाली उतार जिथे संपतो तिथे कॅफे होता, त्याला लाकडी फळ्यांचा ओटा. आम्ही दोघी तिथे बसलो. वहिनींनी साडीवर दोन स्वेटर, पायात माझे लोकरी मोजे आणि सूकमधून, म्हणजे तिथल्या बाजारातून, घेतलेले कॅनव्हासचे बूट घातले होते. मी म्हटलं, जरा बर्फात उतरून बघा तरी. "बघायला आलेय, भिजायला नाही," त्या म्हणाल्या आणि कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून वर बघत राहिल्या. कॉफी त्या प्यायल्या नाहीत.

वरचे वरून निघाले. लांबून ओळखू येत होते, कारण सगळ्यांत तेच सडपातळ होते आणि त्यांनीच माकडटोपी घातली होती. पहिलं वळण छान घेतलं. दुसऱ्यानंतर मंदावले. मग आणखी मंदावले. मग थांबले.

उतारावर उभा असलेला माणूस खाली येत नाही, हे दृश्य मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. हातातल्या काठ्यांनी ते स्वतःला ढकलत होते, नाव चिखलात रुतल्यावर वल्ही मारावीत तसे. त्यांच्या दोन्ही बाजूंनी लेबनीज पोरं शिट्ट्या वाजवत सूं करून खाली जात होती. इंग्रजही गेला. जाताना त्याने हात हलवला.

मग वरचे एकाएकी वाकले आणि पायाला हात लावला.

"गुडघा," वहिनी म्हणाल्या.

"थांबा. पडलेले नाहीत ते. बहुतेक स्की सोडवताहेत."

"गुडघा गेला, ताई." कप त्यांनी खाली ठेवला की टाकला ते मला आठवत नाही. निऱ्या एका हातात धरून त्या ओट्यावरून उतरल्या आणि सरळ बर्फात चालू लागल्या, उताराच्या दिशेने, वर. मी हाका मारल्या. ओट्यावरच्या एका लेबनीज बाईनेही हाका मारल्या. वहिनी प्रत्येक पावलाला पोटरीपर्यंत आत जात होत्या, पाय उपसत होत्या आणि पुन्हा आत जात होत्या.

वर त्या वेळी काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. वरच्यांनी एक स्की काढून उलटी केली तर तळाला घोंगडी. माझ्या आज्यांच्या मऊ मेणाने डोंगरभरची धूळ उचलून स्वतःवर लेपून घेतली होती. वरच्यांनी खिशातून काहीतरी चमकदार बाहेर काढलं आणि वर्षभराची मेहनत, तिथेच उभं राहून, खरवडून टाकली. आधी एका स्कीची, मग दुसरीची. पार खोबण्यांपर्यंत. मेण नाही, काही नाही. मग स्की पायात अडकवल्या.

या खेपेला ते आले. झोकात नाही. हात दोन्हीकडे पसरलेले, गुडघे मी शिकवले होते तसे वाकलेले, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. पण खोबण्यांतून पाणी निघून जात असणार, कारण कुठेही अडकले नाहीत. सावलीतून उन्हात आले, उन्हातून सावलीत गेले, पुन्हा उन्हात आले. मी नकळत ओट्यावरून उतरून पुढे चालू लागले.

आणि त्यांच्या वाटेवर, बरोबर मधोमध, वहिनी उभ्या होत्या.

"बाजूला हो! अगं बाजूला!"

"कशी होऊ? पाय निघत नाहीये!"

वरच्यांनी दोन्ही स्की आडव्या फिरवल्या. ओल्या बर्फाचा एक फवारा वहिनींच्या अंगावर गेला, आणि ते त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबले. उभे. दोन पायांवर. काठ्यासुद्धा न टेकता. मी तोवर बर्फ तुडवत जवळ पोचले होते आणि मनातल्या मनात निकाल देऊन टाकला होता.

"गुडघा बघू," वहिनी म्हणाल्या आणि तोल सावरायला म्हणून, की बघायला म्हणून, त्यांचा दंड धरला. त्याच वेळी दुसरा पाय उपसायला गेल्या. पुढच्या क्षणाला दोघंही आडवे होते. वहिनी कुशीवर. वरचे पाठीवर, स्की आभाळाकडे.

वरचे झोपूनच माझ्याकडे पाहत होते. माकडटोपी डोळ्यांवर आली होती ती त्यांनी वर सारली.

"बाई," ते म्हणाले, "निकाल?"

पाठ लागली की पडलात. कसं लागलं यावर व्याख्यान नको. नियम वहिनींनी केला होता, यांनी मान्य केला होता, आणि मला पंच म्हणून विमानाने इथवर आणलं होतं. मी तोंड उघडलं.

"हे धरायचं नाही, ताई," वहिनी म्हणाल्या. त्या उठून बसत होत्या. केसांत, कानांत, स्वेटरच्या गळ्यात तपकिरी बर्फ. "हे पडले नाहीत. यांना मी पाडलं."

"नियमात तसं नव्हतं," मी म्हटलं.

"मग आता घाला."

मी घातलं. वरच्यांनी काही विजयी वगैरे चेहरा केला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते फक्त एक पाय उचलून, डोळे बारीक करून, स्कीचा तळ बघत होते.

"एक कण नाही चिकटला," ते हळूच म्हणाले. "बघितलंत, बाई? काहीच लावायचं नव्हतं."

"तुमचं नंतर बघू," वहिनी म्हणाल्या. "माझा एक बूट आत राहिलाय."

वरचे घाईने उठले, स्की सोडवल्या, गुडघ्यांवर बसले आणि खिशातून ती चमकदार वस्तू काढून बर्फ उकरायला लागले. वहिनी एका मोज्यावर उभ्या राहून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन बघत होत्या. बराच वेळ त्या त्यांच्या हाताकडे बघत होत्या.

"हे आपलं उलथनं आहे?"

"होतं," वरचे म्हणाले, आणि खणत राहिले.